‘रिव्हर्ट’ करा म्हणजे नेमकं काय करा?

प्रश्न : आमच्या ऑफिसात प्रत्येक मेलखाली ‘काइंडली रिव्हर्ट बॅक बाय फ्रायडे’ लिहायची पद्धत आहे. नव्या दरांचा तक्ता पाठवताना मीही तेच लिहिलं. लंडनहून उलट विचारणा आली : जुनेच दर लावायचे का? चुकलं कुठे? (वाचक, ऐरोली)

उत्तर : लंडनच्या माणसाने बरोबर वाचलं. ‘री’ म्हणजे मागे आणि लॅटिन ‘व्हर्टेरे’ म्हणजे वळणे. म्हणून ‘रिव्हर्ट’ म्हणजे मूळ स्थितीला जाणे, आपल्याकडे म्हणतात तसं पूर्वपदावर येणे. ट्रान्सहार्बरवर रविवारचा मेगाब्लॉक संपला, की ‘द टाइमटेबल रिव्हर्ट्स टु नॉर्मल’. भाडेपट्टा संपल्यावर जमीन मालकाकडे जाते, तिथेही कायद्याच्या भाषेत हेच क्रियापद. तुमच्या मेलमध्ये वर नवे दर आणि खाली ‘रिव्हर्ट’. त्याने दोन्हींची सांगड घातली, एवढंच.

‘उत्तर देणे’ हा अर्थ भारत, सिंगापूर, मलेशियातल्या कचेऱ्यांत रुळला आहे. आपसांत त्याने काही बिघडत नाही, उगाच कोणाला टोकू नका. मेल बाहेरदेशी जाणार असेल तर मात्र टाळा. ‘बॅक’ तर कुठेच नको : ‘री’मध्ये तो आलेलाच आहे, ‘पिवळा पीतांबर’ होतो. ‘अवेटिंग युअर रिव्हर्ट’ त्याहून वाईट, कारण तिथे क्रियापदाचं नामच करून टाकलंय.

मूळ अर्थाने वापरताना पुढच्या ‘टु’कडे लक्ष हवं. हा ‘टु गो’मधला ‘टु’ नव्हे, शब्दयोगी आहे. त्यापुढे नाम किंवा ‘इंग’चं रूप येतं. ‘ही रिव्हर्टेड टु स्मोकिंग’ बरोबर, ‘टु स्मोक’ चूक. ‘रिव्हर्ट द फाइल’ असं थेट कर्म घेणारं रूप मुख्यतः संगणकवाल्यांचं : फाइल आधीच्या आवृत्तीवर नेणे.

प्रश्न : मग ‘प्लीज रिप्लाय मी टिल फ्रायडे’ लिहू का? (वाचक, कळवा)

उत्तर : नको, दोन चुका आहेत. ‘मला उत्तर द्या’ डोक्यात असल्याने ‘टु’ गळतो. ‘आन्सर मी’ चालतं, पण ‘रिप्लाय’ला ‘टु मी’ लागतं. मेलमध्ये नुसतं ‘प्लीज रिप्लाय बाय फ्रायडे’ पुरे. दुसरी चूक ‘टिल’ची. मराठीतला एकच ‘पर्यंत’ इंग्रजीत दोन ठिकाणी वाटला जातो : मुदतीला ‘बाय’, चालू राहणाऱ्या कामाला ‘टिल’. ‘टिल’ लिहिलंत तर समोरच्याने शुक्रवारपर्यंत उत्तरं देतच राहायचं!