डावीकडची कोशिंबीर न्याहारीला वाढताना

प्रश्न : वजन आणि रक्तातील साखर या दोन्ही कारणांनी डॉक्टरांनी मला सकाळचे पोहे-उपमा कमी करून सॅलड वाढवायला सांगितले आहे. महिनाभर मी काकडी, टोमॅटो आणि गाजर चिरून त्यावर लिंबू पिळून खाते आहे. साडेआठला खाल्ले की साडेदहाला पोटात कावळे ओरडू लागतात आणि मग हात बिस्किटांच्या डब्याकडे जातो. घरातली मंडळी तर या वाडग्याला शिवतही नाहीत. सकाळी सॅलड खाणे आपल्या प्रकृतीला मानवतच नाही, असे समजावे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तसे मुळीच समजू नका. आपल्या ताटात कोशिंबीर डाव्या बाजूला वाढली जाते आणि पोट भरण्याचे काम उजवीकडच्या भाजी, पोळी, वरण-भाताचे असते. आपण डावीकडचा पदार्थ उचलून उजवीकडे ठेवला, परंतु त्याची घडण डावीकडचीच राहू दिली. काकडीत सुमारे पंचाण्णव टक्के पाणी असते आणि शंभर ग्रॅम काकडीतून जेमतेम पंधरा उष्मांक मिळतात. टोमॅटोची गतही फारशी वेगळी नाही. मोठा वाडगा भरून खाल्ला तरी त्यात दोन तासांपुढे तग धरण्यासारखे काही नसते, त्यामुळे आपल्याला भूक लागते यात आपल्या निश्चयाचा काहीच दोष नाही.

न्याहारीच्या सॅलडमध्ये प्रथिने आणि थोडा स्निग्धांश असलाच पाहिजे. आपल्या स्वयंपाकघरात या दोन्हींची सोय पूर्वीपासून आहे. पन्नास ग्रॅम कोरडे मूग भिजवून मोड आणले, तर त्यातून सुमारे बारा ग्रॅम प्रथिने मिळतात. मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम, भाजलेल्या दाण्यांतून सात ग्रॅमच्या वर मिळतात आणि एका अंड्यातून सहा. आपण काकडी-टोमॅटो तसेच ठेवा, मात्र वाडग्याचा अर्धा भाग वाफवलेले मूग, मटकी किंवा उकडलेले हरभरे यांनी भरा, वर दोन चमचे जाडसर दाण्याचे कूट घाला आणि एक चमचा तेलाची मोहरी-हिंगाची फोडणी द्या. ही फोडणी केवळ चवीसाठी नाही. गाजरातील आणि हिरव्या पानांतील ‘अ’ जीवनसत्त्वाचा पूर्वघटक तेलाच्या सोबतीनेच शरीरात नीट शोषला जातो, म्हणून तेल पूर्ण वर्ज्य करून खाल्लेले गाजर पुरते कामी येत नाही. आपल्याला किती कडधान्य आणि किती तेल चालेल, हे मात्र आपल्या डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारूनच ठरवा.

अंडे चालत असेल तर पाणी उकळू लागल्यापासून नऊ-दहा मिनिटांनी ते बाहेर काढून थंड पाण्यात टाकावे. जास्त उकळले की पिवळ्या बलकाभोवती हिरवट कडे धरते. बलकातील लोह आणि पांढऱ्यातील गंधक यांच्या संयोगाने ते तयार होते. त्याने अपाय होत नाही, परंतु वास उग्र येतो आणि अशा अंड्याने सगळा वाडगा बिघडतो.

आपल्या प्रकृतीला मानवत नाही, या शंकेविषयी थोडे सविस्तर लिहितो. इस्रायलमध्ये बारीक चिरलेल्या काकडी-टोमॅटोचे सॅलड सकाळच्या जेवणातच असते. तेथील सामुदायिक शेतांवर पहाटे काम करून आलेली माणसे दही-चीज, अंडी आणि पाव यांच्याबरोबर ते पोटभर खात असत. तुर्की न्याहारीतही काकडी, टोमॅटो आणि ऑलिव्ह असतातच. इतके दूर जाण्याचेही कारण नाही. शेतावरच्या न्याहारीला भाकरीबरोबर मेथीचा किंवा पातीच्या कांद्याचा घोळाणा आपल्याकडे कित्येक घरांत आजही होतो. कोवळी मेथी चिरून तीत कांदा, दाण्याचे कूट, तिखट, मीठ आणि कच्चे तेल घालून हाताने घोळायचे, यापेक्षा उत्तम सकाळचे सॅलड मला ठाऊक नाही. आपल्या घरच्या मंडळींपुढे ‘सॅलड’ न ठेवता अर्ध्या ज्वारीच्या भाकरीबरोबर घोळाणा ठेवून पाहा.

प्रश्न : येत्या रविवारी आमच्याकडे बारा माणसे साडेअकराच्या सुमारास नाश्ता आणि जेवण एकत्रच करायला येणार आहेत. मागच्या वेळी मी दह्यातली काकडीची कोशिंबीर आणि एक साधे सॅलड सकाळी नऊलाच करून ठेवले. वाढेपर्यंत कोशिंबिरीचे ताक झाले आणि सॅलड पाण्यात पोहू लागले. आधी करून ठेवण्याची काही युक्ती आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : हा सगळा मिठाचा परिणाम आहे. मीठ लागताच चिरलेल्या भाजीच्या पेशींतील पाणी बाहेर ओढले जाते. एकदा काचेच्या वाडग्यात चिरलेल्या काकडीवर चमचाभर मीठ भुरभुरवून पाहत राहा. पहिल्या दोन-तीन मिनिटांत फोडींच्या कडा ओलसर चमकू लागतात आणि दहा-पंधरा मिनिटांत तळाशी स्वच्छ पाणी जमलेले दिसते. हे पाणी थांबवता येत नाही, पण ते केव्हा सुटू द्यायचे हे आपल्या हाती आहे.

त्यासाठी दोन मार्ग आहेत आणि दोन्ही आपल्या घरांत रुळलेले आहेत. एक म्हणजे मीठ अगदी शेवटी, पाहुणे ताटावर बसताना घालायचे. दुसरा मार्ग मला अधिक आवडतो. आधीच मीठ लावून पाणी मुद्दाम सोडवायचे, भाजी मुठीत घट्ट पिळायची आणि मग बाकीचे जिन्नस मिसळायचे. खमंग काकडीची खरी रीत हीच आहे. माझी आजी काकडी विळीवर चिरत नसे, तर चोचवत असे. सोललेली काकडी डाव्या तळहातावर आडवी धरून ती धारदार सुरीने तिच्यावर भराभर, जवळजवळ आणि न दाबता वार करी, काकडी थोडी थोडी फिरवीत जाई आणि मग वरचा थर कापून पातेल्यात पाडी. अशा चोचवलेल्या काकडीचे तुकडे किसासारखे लगदा न होता बारीक पण कुरकुरीत राहतात, आणि पिळल्यावर पाणी सहज सुटते. ते पाणी ती थालिपिठाच्या पिठात घाली. आपणही ते ओतून देऊ नका, मात्र त्यात मीठ उतरलेले असते, तेव्हा पिठात मीठ बेताने घाला. पिळलेल्या काकडीतही पुन्हा मीठ घालण्याआधी चव घेणे आवश्यक आहे. उरलासुरला ओलावा दाण्याचे कूट शोषून घेते, म्हणून कूट फार आधी न घालता वाढण्यापूर्वी पाच मिनिटे घालावे, नाहीतर त्याचा चिखल होतो.

दह्याच्या कोशिंबिरीसाठी दही स्वच्छ फडक्यात बांधून अर्धा तास टांगून ठेवा. चक्का करायचा नाही, केवळ वरचे पाणी गळू द्यायचे. फोडणी कोमट झाल्यावरच दह्यावर ओता. टोमॅटो घालणार असाल तर आतला बियांचा गर काढून टाका, कारण लगेच सुटणारे पाणी मुख्यतः त्यातच असते. कांदा चिरून दहा मिनिटे थंड पाण्यात ठेवला तर त्याचा उग्रपणा जातो आणि सकाळी सकाळी कच्चा कांदा नको म्हणणारी माणसेही तो खातात. आदल्या रात्री मूग-मटकी वाफवून, कूट करून आणि कोथिंबीर निवडून फ्रिजमध्ये ठेवता येईल. चिरण्याचे काम मात्र सकाळचेच राहू द्या.

आता एक सूचना, आपण विचारली नसली तरी. बारा माणसांसाठी मुख्य पदार्थ म्हणून दडपे पोहे करा. मी त्यांना सॅलडच मानतो. त्यात काहीही शिजवायचे नसते आणि जे पाणी आपल्याला एरवी छळते, तेच येथे कामाला येते. अर्धा किलो पातळ पोहे (जाड पोहे चालणार नाहीत), दोन खवलेले ओले नारळ, चार मध्यम कांदे, तीन काकड्या, मिरची, कोथिंबीर, मीठ, किंचित साखर आणि लिंबू एकत्र कालवा, नारळाचे पाणी वरून शिंपडा आणि ताटली दडपून वर वजन ठेवा. वीस मिनिटांत कांदा, काकडी आणि खोबरे यांचा रस पिऊन पोहे मऊ होतात, तरी दाताखाली लागतात. वाढायच्या वेळी शेंगदाणे तळून घातलेली हळद-हिंगाची फोडणी द्या आणि पोह्याचे भाजलेले पापड हाताने चुरून वर पसरा. कैरीचे दिवस असतील तर लिंबाऐवजी किसलेली कैरी घाला. शेजारी वाफवलेल्या मटकीचे सॅलड आणि उकडलेली अंडी ठेवली की साडेअकराला आलेल्या माणसांना दुपारी पुन्हा जेवावेसे वाटणार नाही.

प्रश्न : दह्यात अननस, सफरचंद आणि डाळिंब घालून फळांचे सॅलड रात्री करून ठेवले होते. सकाळी ते कडू लागले. दही खराब होते का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : दही चांगलेच असणार, हे काम अननसाचे आहे. न शिजवलेल्या अननसात प्रथिने तोडणारे एक विकर (एन्झाइम) असते. ते दह्यातील प्रथिनांचे तुकडे करते आणि त्यांतील काही तुकडे चवीला कडू असतात. पपई आणि किवी यांच्या बाबतीतही हेच घडते. अननसाच्या फोडी थोड्या साखरेबरोबर चार-पाच मिनिटे शिजवून पूर्ण गार करा, म्हणजे ते विकर निष्क्रिय होते, आणि मग दह्यात घाला. सफरचंद चिरताच लिंबाचा रस चोळला तर काळे पडत नाही.

प्रश्न : माझी सून गरोदर आहे. तिने सकाळी मोड आलेले कच्चे मूग लिंबू पिळून खावेत असे मला वाटते, परंतु ती नको म्हणते. मोडांतले सत्त्व वाफवल्यावर निघून जाते ना? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ताई, आपली कळकळ समजते, परंतु या बाबतीत सूनबाईंचे म्हणणे योग्य आहे आणि आपण आग्रह सोडावा अशी माझी मनापासून विनंती आहे. मोड यायला जी ऊब आणि ओलावा लागतो, तोच जंतूंच्या वाढीलाही पोषक असतो. ते दाण्याच्या सालीच्या चिरांत दडलेले असू शकतात, त्यामुळे नुसते धुऊन जात नाहीत. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांतून ई. कोलाय जंतूचा एक घातक प्रकार पसरला आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि वृद्ध यांनी मोड कच्चे खाऊ नयेत, असा वैद्यकीय सल्ला त्यामुळेच दिला जातो.

मूग सात-आठ तास भिजवावेत, उपसून ओल्या फडक्यात बांधावेत, आणि बोटाच्या अर्ध्या पेराएवढे मोड आले की लगेच वापरावेत किंवा फ्रिजमध्ये ठेवावेत. खाण्यापूर्वी चाळणीत ठेवून झाकणाखाली पाच-सात मिनिटे चांगली वाफ द्यावी, म्हणजे आतपर्यंत कढत होतात पण लगदा होत नाही. वाफेने ‘क’ जीवनसत्त्व थोडे कमी होते, हे खरे आहे. म्हणून लिंबू वाफवल्यानंतर, गार झाल्यावर पिळावे. मुगातील लोह शरीरात शोषले जायलाही त्याच लिंबाची मदत होते. तिचा सकाळचा चहा मात्र या खाण्याला जोडून न देता तासाभराच्या अंतराने द्या, कारण चहा लोहाचे शोषण रोखतो.

प्रश्न : आम्ही कॅनडात राहतो. हिवाळ्यात सकाळी गार सॅलड घशाखाली उतरत नाही. काय करावे? (एक वाचक, टोरांटो)

उत्तर : भरीत करा. लाल भोपळा किंवा बीट रात्रीच ओव्हनमध्ये भाजून ठेवा, सकाळी हलके गरम करून कुस्करा आणि त्यात खोलीच्या तापमानाला आलेले दही, मिरची, दाण्याचे कूट आणि तूप-जिऱ्याची फोडणी घाला. तेथे गोठवलेले खोवलेले खोबरे मिळते. ते पूर्ण वितळवून, कढईत मिनिटभर परतून घातले तर बर्फाचा वास राहत नाही. दही फ्रिजमधून काढून थेट घालू नये, अर्धा तास बाहेर ठेवावे.