अंबाडी नव्हती ती

"मॅडम, मी त्यांना पाणी घातलं."

समुपदेशनासाठी आलेल्या काकू माझ्यासमोर बसून बराच वेळ पदराचं टोक चाळत होत्या, आणि मग एकदम हेच बोलल्या. (ओळख पटेल असं सगळं बदलून, त्यांच्या घरच्यांना विचारून लिहिते आहे.)

मुलगा एकोणतीस वर्षांचा. टोरंटोला चार वर्षं नोकरी करून, वडिलांच्या बायपासनंतर पुण्यात परत आलेला. आता घरूनच काम, तेही तिकडच्या वेळेनुसार, म्हणजे रात्रभर. कंपनीच्या कामासाठी चार दिवस बंगळूरला गेला आणि दुसऱ्या रात्री त्याचा आईला फोन आला. कपाटाची किल्ली टेबलाच्या खणात आहे, आत टोमॅटोच्या परदेशी जातीची रोपं आहेत, थोडं थोडं पाणी घाल आणि दार लगेच लाव.

काकूंनी कपाट उघडलं. आत जांभळा उजेड, घरघरणारा छोटा पंखा आणि तीन कुंड्या. काकूंचं माहेर शिरपूरकडचं, सातपुड्याच्या पायथ्याशी. "पान पाहून आधी वाटलं, अंबाडीच आहे. मग वास आला." लहानपणी शेजारच्या शेतात तुरीच्या आडोशाला लावलेला गांजा पोलिसांनी उपटून जाळलेला त्यांनी पाहिला होता. तो धूर त्यांच्या चांगला लक्षात होता. हातात तांब्या धरून त्या तशाच उभ्या राहिल्या, आणि शेवटी त्यांनी पाणी घातलं. "झाडाचा काय दोष, मॅडम?"

काकांना, म्हणजे मुलाच्या वडिलांना, कळलं तेव्हा त्यांनी दोनच पर्याय ठेवले. एक तर पोलिसांना कळवायचं, नाहीतर याने घर सोडायचं. काकू मात्र वेगळाच प्रश्न घेऊन आल्या होत्या. या विषयावर येणारे बहुतेक पालक तोच विचारतात: हा छंद म्हणायचा की व्यसन?

नुसत्या कुंड्या बघून हे सांगता येत नाही. रोज ओढणाऱ्या पुष्कळ जणांनी आयुष्यात तुळससुद्धा लावलेली नसते. आणि घरात झाड वाढवण्याची म्हणून एक वेगळी ओढ असते. त्यात बागकाम असतं, थोडी प्रयोगशाळा असते आणि दाराआड जपलेलं एक गुपितही असतं. एकट्या, रात्री जागणाऱ्या माणसाला हे तिन्ही धरून ठेवतं. म्हणून मी झाडांबद्दल कमी आणि माणसाबद्दल जास्त विचारते. किती ओढतो, कधीपासून, एकटाच का, ठरवल्यापेक्षा जास्त होतं का, कामात चुका होतात का, मित्र सुटले का, थांबायचा प्रयत्न करून पाहिला का. काकूंना यातलं एकही उत्तर माहीत नव्हतं. पोरगा रोज समोर जेवायला बसत होता, तरीही.

"तुम्ही पोलिसांना सांगणार का?" जाता जाता त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जिवावर बेतणारी गोष्ट नसेल तर इथलं बोलणं इथंच राहतं. त्याला घेऊन या. कपाटाचं काय करायचं ते मात्र मला विचारू नका, आजच वकिलाकडे जा.

पुढच्या आठवड्यात तो आला, सगळी तयारी करून. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून कायदेशीर आहे, ओंटारियोत एका घरात चार झाडं लावता येतात, माझी तर तीनच आहेत. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला तीन झाडांची मुभा आहे. उत्तराखंडात हेंपच्या (धाग्यासाठी लावतात त्या, फारशी नशा नसलेल्या गांजाच्या जातीच्या) शेतीला परवाने मिळतात. आणि आपल्याकडे शंकराला भांग चालतेच की! या वयाच्या मुलांशी बोलताना माहितीत कमी पडून चालत नाही, लगेच पकडतात. मी म्हटलं, यातलं बरंचसं खरं आहे, पण तुझं कपाट ओंटारियोत नाही.

आपल्याकडे १९८५चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा, कायदा आहे. बोंडांशिवायची (म्हणजे फुलोऱ्याशिवायची) नुसती पानं आणि बी त्या कायद्याच्या 'गांजा'च्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांगेचं प्रकरण निराळं. उत्तराखंडातला परवाना शेतीसाठी आणि सरकारच्या देखरेखीखाली असतो. पण परवान्याशिवाय झाड लावणं हा कलम २० खाली स्वतंत्र गुन्हा आहे. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. किलोच्या आतला गांजा सापडला तर 'अल्प प्रमाण' म्हणून शिक्षा कमी होते, हे त्याने कुठंतरी वाचलं होतं आणि तेवढ्यावर निर्धास्त होता. ती मोजणी जवळ बाळगलेल्या मालाची असते. कुंडीतल्या झाडाला ती लागू होत नाही. व्यसनमुक्तीच्या उपचारांना जाणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण देणारं कलम ६४अ आहे, पण ते सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांसाठी. 'व्यसनी आहे असं लिहून द्या, म्हणजे सुटेल' असं सांगणारे पालक मला भेटतात, त्यांना मी हेच सांगते.

हे सगळं तो शांतपणे ऐकत होता. त्याचा चेहरा बदलला तो कलम २५ला. आपल्या घरात असा गुन्हा होतो आहे हे माहीत असून होऊ देणाऱ्या मालकालाही त्याच गुन्ह्याची शिक्षा होऊ शकते. फ्लॅट वडिलांच्या नावावर होता, आणि किल्ली त्यानेच आईच्या हातात दिली होती.

"तिला मी टोमॅटो सांगितलं होतं," तो म्हणाला.

"ती शिरपूरची आहे," मी म्हटलं. पहिल्यांदाच हसला, आणि मग रडला.

मग त्याने बॅगेतून एक वही काढली. प्रत्येक झाडाचं एक पान. कधी पाणी दिलं, पान कुठं पिवळं पडलं, उंची किती, सगळं तारीखवार. इतकी देखणी वही मी फार कमी पाहिली आहे, आणि ती पाहून वाईट वाटलं हे कबूल करते. मी विचारलं, यात तुझं पान कुठंय? गेल्या आठवड्यात किती ओढलास? "फार नाही" म्हणाला. मी थांबून राहिले. मग "रोज" म्हणाला. मग "काम सुरू करण्याआधी आणि झोपण्याआधी". झाडाचा सेंटिमीटर माहीत असलेल्या या मुलाला स्वतःचा आकडा सांगता येत नव्हता. ओंटारियोत पाकिटावर टीएचसीचं, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाचं, प्रमाण छापलेलं असतं. घरच्या बोंडावर कसलंच लेबल नाही, त्यामुळे किती तीव्र ओढतो आहोत याचाही पत्ता नाही.

आणखी एक प्रश्न मी कधीच चुकवत नाही. घराण्यात कुणाला मोठा मानसिक आजार होता का? त्याच्या सख्ख्या चुलत्यांना स्किझोफ्रेनिया होता. अशा घरात गांजाचा धोका वाढतो, हा माझा एकटीचा निवाडा नव्हे. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. तो गेला, काहीशा रागानेच.

कपाट वकिलाच्या सल्ल्याने रिकामं झालं. कसं, ते मी विचारलं नाही. पुढच्या भेटीला तो घरात कुणी गेल्यासारखा बसला होता. काकांना हे अजिबात पटेना. "गांजाच्या झाडाचं सुतक पाळायचं का आता?" मी म्हटलं, पाळू द्या दोन दिवस. परदेशातून आल्यावर या शहरात त्याने स्वतःच्या हाताने वाढवलेलं तेवढंच होतं. काका गप्प झाले. त्यांच्या बायपाससाठी पोरगा सगळं सोडून आला, हे या घरात आजवर कुणी मोठ्याने म्हटलेलंच नव्हतं.

ओढणं थांबवायचं त्याने स्वतः ठरवलं, महिनाभर, 'सिद्ध करायला'. गांजा सोडताना काही होत नाही असा फार मोठा गैरसमज आहे. रोज ओढणाऱ्याला एक-दोन दिवसांत चिडचिड सुरू होते, झोप उडते, भूक मरते. पहिल्या आठवड्यात हे सगळं टोकाला जातं, दोन-तीन आठवड्यांत ओसरू लागतं. स्वप्नं मात्र भयंकर स्पष्ट पडतात. घरच्यांना हे आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर चौथ्या दिवशी 'याच्यापेक्षा ओढत होता तेच बरं' असं वाटतं. काकूंचा चौथ्याच दिवशी फोन आला. त्याने ताट ढकललं होतं. मी म्हटलं, ताट उचला, भांडण उचलू नका. रात्रपाळीचं काय ते ऑफिसशी बोलायला त्याला मी सांगितलं होतं. आठवड्यातले दोन दिवस दिवसा काम करायला त्यांनी परवानगी दिली. माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा याचाच उपयोग जास्त झाला असावा.

असा प्रश्न ज्यांच्या घरात आहे आणि जवळ कुणी समुपदेशक नाही, त्यांनी १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर बोलावं. झोप, भीती, भास असं काही असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६.

परवा तो आला तेव्हा तीच वही होती. मागच्या बाजूने नवी सुरुवात केलेली. झोप किती तास, भूक, चिडचिड दहापैकी किती. एकोणिसाव्या दिवसासमोर लिहिलं होतं, 'मित्राकडे गेलो. एक ओढला. घरी सांगितलं नाही.' खाली वेगळ्या पेनने, 'सांगितलं. बाबा काहीच बोलले नाहीत, टीव्ही बंद केला आणि बसून राहिले.'

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"मीपण बसलो."

पुढची भेट गुरुवारी आहे. या वेळी काकाही येणार आहेत.