बीडीएसनंतर एमपीएच करून ओव्हरडोस डेटाच्या नोकरीसाठी अमेरिकेत यावं का?

तू लिहिलंयस की सांगलीला बीडीएस झालंय, क्लिनिकमध्ये मन लागत नाही, २०२६ च्या फॉलला एमपीएचला (सार्वजनिक आरोग्यातल्या मास्टर्सला) यायचंय, आणि इथल्या आरोग्य खात्यांत ओव्हरडोसचा (नशेच्या औषधांच्या अतिमात्रेचा) डेटा बघणाऱ्या पोस्ट दिसतात त्या सरकारी म्हणजे पक्क्या ना. ताई म्हणून विचारलंयस तर सरळच सांगते, खातं सरकारी असतं पण पोस्ट ग्रँटवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या निधीवर असते, त्यामुळे पगाराच्या आधी ग्रँट कधी संपते ते विचारायचं.

मी पूर्व किनाऱ्यावरच्या एका काउंटीत हेच काम करते. आमच्याकडे मोठा पैसा येतो सीडीसीच्या (केंद्राच्या रोगनियंत्रण संस्थेच्या) ओडी-टू-ए मधून, पूर्ण नाव ओव्हरडोस डेटा टू अ‍ॅक्शन. २०१९ ला सुरू झालं, मग सप्टेंबर २०२३ पासून नवीन पाच वर्षांचं सायकल लागलं, एक भाग राज्यांना, दुसरा थेट शहरांना आणि काउंट्यांना, मिळून ९० आरोग्य विभाग आणि पहिल्या वर्षाला साधारण २८ कोटी डॉलर. आता तुझं कॅलेंडर लाव. तू पास होणार मे २०२८ ला आणि हे सायकल संपतंय ऑगस्ट २०२८ ला, म्हणजे तू नोकरी शोधायला लागशील नेमकं तेव्हा निम्मे मॅनेजर पुढच्या ग्रँटची वाट बघत हायरिंग थांबवून बसलेले असतील, आणि ओपीटीवर (शिक्षणानंतर काम करायच्या विद्यार्थी-परवान्यावर) ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. बरं मधल्या वर्षांतही पैसे दरवर्षी वेगळे सुटतात. २०२५ च्या उन्हाळ्यात ते वेळेवर येणार की नाही यावरून सगळीकडे घोळ झाला होता, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्राने कोविडच्या काळातल्या ११ अब्ज डॉलरहून जास्तच्या ग्रँट्स एका फटक्यात मागे घेतल्या, राज्यं कोर्टात गेली, पण तोवर बऱ्याच ठिकाणी कॉन्ट्रॅक्टवरच्या लोकांना घरी बसवलं होतं.

यात गंमत अशी की (गंमत कसली म्हणा) काम जमतंय तेव्हाच पैसे कापायची भाषा सुरू होते. २०२२ मध्ये अमेरिकेत ओव्हरडोसने जवळजवळ १ लाख ८ हजार माणसं गेली, २०२४ मध्ये आकडा ८० हजारांच्या आसपास आला, की लगेच बजेटवाले विचारतात आता एवढी माणसं कशाला हवीत.

काम रोजचं कसं असतं ते सांगते कारण जाहिरातीत फक्त डॅशबोर्ड दिसतो. अँब्युलन्सवाल्याने फोनवर घाईत टाइप केलेलं असतं, बेशुद्ध, श्वास मंद, नार्कन (ओव्हरडोस उतरवणारं नॅलोक्सोन) नाकात दिलं, शुद्धीवर आला, हॉस्पिटलला यायला नकार. नार्कनचं स्पेलिंग किती तऱ्हांनी चुकू शकतं ते इथे आल्यावर कळेल, आणि ते सगळं पकडणारा कोड तूच लिहायचा. तोच माणूस पुढच्या आठवड्यात इमर्जन्सीच्या डेटात येतो, तिथे जन्मतारीख वेगळी. मेला तर डेथ सर्टिफिकेटवर कारणापुढे कित्येक आठवडे 'पेंडिंग', कारण टॉक्सिकॉलॉजीचा (रक्तात कुठलं औषध होतं त्याचा) रिपोर्ट यायचा असतो. हे तुकडे जोडणं म्हणजे खरं काम. शेअर्ड टूल म्हणशील तर ओडीमॅप आहे, २०१७ ला वॉशिंग्टन-बाल्टिमोर भागातल्या केंद्राच्या अमली पदार्थविरोधी कार्यक्रमाने काढलं, सरकारी यंत्रणांना फुकट. त्यात पोलीस किंवा अँब्युलन्सवाला तारीख, वेळ, जागा, माणूस वाचला की गेला आणि नॅलोक्सोनचे किती डोस लागले एवढंच भरतो, नाव नाही, आणि एखाद्या भागात २४ तासांत नेहमीपेक्षा जास्त केसेस झाल्या की आम्हाला अलर्ट येतो. जुलै २०२५ मध्ये बाल्टिमोरच्या पेन नॉर्थ भागात एका सकाळी २७ जणांना हॉस्पिटलात न्यावं लागलं, नंतर नमुन्यांत फेंटानिल या अफूच्या जातीच्या जबर औषधाबरोबर एक वेगळंच झोपेच्या गोळीसारखं रसायन निघालं. अशा दिवशी आकडा वेळेवर येणं म्हणजे काय ते कळतं, एरवी मात्र कंटाळवाणं काम आहे, तीच एक्सेल, त्याच मीटिंगा.

तुझं बीडीएस वाया जात नाही हां. इथे अक्कलदाढ काढली की डेंटिस्ट सर्रास ओपिऑइड (अफूच्या जातीची वेदनाशामकं) लिहून द्यायचे, म्हणून प्रिस्क्रिप्शनचा डेटाबेस, पीडीएमपी म्हणतात, त्यात डेंटिस्टही येतात. राज्याराज्यांत हा वेगवेगळा आहे, मिसूरीने तर राज्यव्यापी कायदाच २०२१ मध्ये केला, सगळ्यात शेवटी. डेंटल प्रिस्क्रिप्शनवर एक चांगला प्रोजेक्ट केलास तर इंटरव्ह्यूला बोलायला मुद्दा मिळेल.

व्हिसाचं मात्र कोणी नीट सांगत नाही. नुसतं जनरल एमपीएच एसटीईएममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांच्या यादीत) बसेलच असं नाही, एपिडेमिऑलॉजी (रोगप्रसाराचा अभ्यास) किंवा बायोस्टॅटचा (आरोग्याच्या संख्याशास्त्राचा) कोड असेल तर ओपीटीच्या १२ महिन्यांवर अजून २४ मिळतात, म्हणून अ‍ॅडमिशनच्या आधी कॉलेजला मेल करून डिग्रीचा सीआयपी कोड (विषयाचा सरकारी क्रमांक) लेखी मागून घे. केंद्र सरकारच्या पक्क्या नोकऱ्या सहसा फक्त नागरिकांना. काउंटी आणि राज्यांची खाती एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा) क्वचितच स्पॉन्सर करतात, आणि केली तरी लॉटरी आहेच. युनिव्हर्सिटीत तशी लॉटरी नाही, आणि बऱ्याच खात्यांचा डेटाचा भाग शेजारच्या युनिव्हर्सिटीकडेच काँट्रॅक्टवर असतो, तिथे शोध. एच-वन-बीच्या १ लाख डॉलरच्या फीला घाबरली असशील तर सध्याच्या नियमानुसार ती बाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांना आहे, इथे एफ-वनवर (विद्यार्थी व्हिसावर) असताना स्टेटस बदलणाऱ्यांना नाही, पण हे नियम कधीही फिरतात, निघताना परत बघ.

इंटरव्ह्यूत बिनधास्त विचार, ही पोस्ट कुठल्या पैशातून आहे. औषध कंपन्यांकडून ओपिऑइडवरच्या कोर्टबाजीत मिळालेले सेटलमेंटचे पैसे ५० अब्ज डॉलरच्या वर आहेत आणि ते बरीच वर्षं हप्त्याने राज्यांना, काउंट्यांना येणार आहेत. त्यावरची पोस्ट असेल तर मी ओडी-टू-ए च्या पोस्टपेक्षा तीच घेईन, पगार थोडा कमी असला तरी. आणि डेटाच्या भाषांत शिकायचं ते आर आणि एसक्यूएल आधी, एसएएस नंतर, कारण ओव्हरडोसचं फंडिंग गेलं तरी हॉस्पिटलं आणि इन्शुरन्सवाले रेकॉर्ड जोडता येणारी माणसं घेतातच.

कर्ज काढून येणार असशील तर रक्कम सांग आणि कुठल्या कॉलेजांना अर्ज केलायस ती यादी टाक. सांगलीच्या घरावर कर्ज काढून महागड्या प्रायव्हेट कॉलेजला यायचं असेल तर माझं उत्तर या घडीला नाही असंच आहे, स्टेट युनिव्हर्सिटीत असिस्टंटशिप (कॉलेजात काम करून फीत सवलत) मिळत असेल तर जरूर ये.