रोडियमवरचे सीओ फिरतात, पण सुटतात का?

प्रश्न : मी बडोद्याला एम.एस्सी. करतेय. टेट्रारोडियम डोडेकाकार्बोनिलमध्ये 9 टर्मिनल आणि 3 ब्रिजिंग सीओ असतात असं शिकलो, मग गरम केल्यावर कार्बन-13 एनएमआरमध्ये सगळे सीओ एकसारखे का दिसतात? ते तुटून परत चिकटतात का?
– एक वाचक, दांडियाबाजार

उत्तर : नव्या वाचकांसाठी एका ओळीत : या रेणूत चार रोडियम चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर असतात, टर्मिनल सीओ (कार्बन मोनॉक्साइड) एकाच रोडियमला धरतो नि ब्रिजिंग दोघांना, आणि एनएमआरमध्ये वेगळ्या शेजारातल्या कार्बनचा सिग्नल वेगळा येतो. तुझा दुसरा प्रश्न जास्त मोलाचा आहे म्हणून आधी तोच घेतो. तुटत नाहीत, आणि त्याचा पुरावा त्याच स्पेक्ट्रममध्ये आहे. रोडियमचा निसर्गात एकच आयसोटोप, रोडियम-103, त्याचा स्पिन अर्धा, त्यामुळे कार्बन ज्या रोडियमला धरून बसलाय तो रोडियम त्याचा सिग्नल फोडतो. उणे 65 डिग्रीच्या आसपास चार वेगळे सिग्नल येतात, सारख्याच तीव्रतेचे, कारण 12 सीओंचे तीन-तीनचे चार गट पडतात : ब्रिजवरचे, शिखराच्या रोडियमवरचे, आणि तळाच्या तिघांवरचे ॲक्सिअल (तळाला उभे) नि इक्वेटोरिअल (तळाला समांतर). आता 60 डिग्रीच्या वर ने, तर एकच सिग्नल उरतो पण तो पाच रेषांचा, 1:4:6:4:1. म्हणजे प्रत्येक कार्बनला चारही रोडियम सारखेच जाणवतायत! सीओ भराभर सुटून बाहेर जात असते आणि दुसरे येऊन बसत असते तर हे कपलिंगच पुसलं गेलं असतं आणि एक साधी रेषा मिळाली असती. रसायनशास्त्रज्ञ एफ. ए. कॉटन आणि सहकाऱ्यांनी हे 1972 मध्ये दाखवलं, आणि मला तरी या सगळ्या विषयात याहून देखणा पुरावा माहीत नाही.

फिरतात कसे, तर ब्रिजवरचे तिघं एकदम सरकून टर्मिनल होतात, क्षणभर एकही ब्रिज नसलेला रेणू तयार होतो (इरिडियमचं याच फॉर्म्युल्याचं क्लस्टर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या धातूंचा रेणू, तर कायमच असं असतं), मग दुसऱ्या एखाद्या त्रिकोणी बाजूवर तीन नवे ब्रिज बनतात, आणि हे परत परत झालं की प्रत्येक सीओ सगळीकडे फिरून येतो. रसायनशास्त्रज्ञ ब्रायन जॉन्सन यांनी उलटा विचार मांडला, की बाहेर सीओंचा पिंजरा आणि आत धातूंचा सांगाडाच फिरतो. वाचण्यासारखं आहे, पण शिकताना आधी कॉटनची वाट पक्की कर.

आयआरमध्ये (इन्फ्रारेड स्पेक्ट्रममध्ये) मात्र ब्रिजचा पट्टा 1880 सेमी⁻¹ च्या आसपास वेगळा दिसतोच, त्यात विरोधाभास काही नाही. नवरात्रात गरब्याचा फोटो शटर हळू ठेवून काढलास तर माणसं एकमेकांत मिसळलेलं कडं दिसतं, पटकन काढलास तर एकेक चेहरा. एनएमआर हळू, आयआर खूप वेगवान.

आणि सगळी क्लस्टर्स इतकी चपळ नसतात हं. तीन लोखंडांच्या डोडेकाकार्बोनिलचा उणे 150 डिग्रीलाही एकच सिग्नल असतो, पण ऑस्मियमच्या तशाच क्लस्टरचे रूम टेंपरेचरलाच दोन वेगळे दिसतात, ते एक करायला तापवावं लागतं.