पहिल्या पुस्तकाचं वाचन गावात ठेवायचंय, लोक येतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पहिला कथासंग्रह आलाय, गाव सांगली जिल्ह्यातलं, तिथे वाचन आणि स्वाक्षरीचा कार्यक्रम घ्यावा असं मनात आहे, पण प्रकाशक म्हणतात, गावाकडे पुस्तक विकत कोण घेतंय, उगाच खर्चात पडू नका.

लोक येतात. वीस-पंचवीस येतात. त्यातले आठ-दहा पुस्तक घेतात. तुमच्या प्रकाशकांना हा आकडा क्षुल्लक वाटत असेल तर ते त्यांच्या जागी बरोबर आहेत, पण तुम्ही तुमच्या जागी राहा.

मी लेखिका नाही. तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात सतरा वर्षं ग्रंथपाल आहे. पहिली काही वर्षं आमच्याकडे फक्त प्रकाशन समारंभ व्हायचे, म्हणजे हॉल आमचा, खुर्च्या आमच्या, बाकी सगळं त्यांचं. त्यातला एक समारंभ मी विसरूच शकत नाही. व्यासपीठावर नऊ माणसं, समोर बावीस. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, मग लाल फितीत बांधलेलं पुस्तक सोडून नऊ जणांनी फोटोसाठी छातीशी धरलं. प्रमुख पाहुण्यांनी पाऊण तास भाषण केलं आणि कादंबरीला शेवटपर्यंत ‘हा कवितासंग्रह’ म्हणाले. लेखकाला मनोगतासाठी पाच मिनिटं मिळाली, ती त्याने सगळ्यांची नावं घेऊन आभार मानण्यात घालवली. पुस्तकातली एक ओळ कुणी वाचली नाही. आभारप्रदर्शन संपायच्या आत लोक पोह्यांकडे गेले. तीन प्रती खपल्या, त्यातल्या दोन लेखकाच्या मेहुण्याने घेतल्या.

त्यानंतर मी कार्यकारिणीपुढे हट्ट धरला की वाचनालयाने स्वतःहून कार्यक्रम ठेवला तर त्यात फक्त वाचन होईल. व्यासपीठ नाही, पाहुणा नाही, हार नाही. एक टेबल, एक खुर्ची, पाण्याचा तांब्या. तेव्हापासून एकतीस कार्यक्रम झाले. मी त्यांची वही ठेवते: कोण आलं, किती प्रती गेल्या, लोकांनी काय विचारलं. वर सांगितलेला आकडा त्या वहीतला आहे.

आपल्याकडे ऐकायची सवय जुनी आहे हे प्रकाशकांना सांगा. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर हे तिघे गावोगाव कथाकथन करत आणि लोक खच्चून गर्दी करत. वसंत बापट, विंदा करंदीकर आणि मंगेश पाडगावकर कविता घेऊन महाराष्ट्रभर फिरले. आपल्याच जिल्ह्यात कृष्णाकाठी औदुंबरला 1939 पासून संक्रांतीला साहित्य संमेलन भरतंय. तेव्हा कान तयार आहेत. नवीन काही असेल तर ते पुस्तकावर लेखकाची सही घेणं. आमच्याकडच्या माणसाला सही म्हणजे सोसायटीच्या कर्जाच्या कागदावरची. एका आजोबांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, “मॅडम, त्यांनी सही केली म्हंजे पुस्तक परत करायचं न्हाई का?”

आता वेळ. इथेच निम्मे कार्यक्रम मरतात. शहरातला माणूस संध्याकाळी सहा-साडेसहा धरतो. आपल्याकडे तेव्हा धारा काढून डेअरीला दूध घालायची वेळ असते. सातनंतर ठेवलं तर बायका येत नाहीत, आणि रात्रीची वीज असेल त्या आठवड्यात पुरुष मोटर चालू करायला रानात. आमच्या वाचनालयात सगळ्यात जास्त सभासद दुपारी चार ते साडेपाच या वेळात येतात, आणि त्यात बायका जास्त. पुस्तकं बदलायला त्या येणारच असतात. म्हणून आम्ही साडेचारला, देवघेवीच्या वेळेतच, वाचन ठेवतो. आलेल्या माणसाला थांबवणं सोपं, न आलेल्याला बोलावणं अवघड.

द्राक्षाच्या पट्ट्यात असाल तर ऑक्टोबर छाटणीचे दिवस टाळा. लग्नसराईत तर कुणी तुमच्या वाट्याला येणार नाही. 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन हे दिवस मोहात पाडतात, पण त्या दिवशी प्रत्येक शाळेत कार्यक्रम असतो आणि समोर रांगेत बसवलेली मुलं असतात. मुलांविषयी माझी तक्रार नाही. ती पुस्तक घेऊ शकत नाहीत, वहीवर सही मागतात, वही नसली की तळहात पुढे करतात. शाळेत जरूर जा, वाचा, पण तिथे पुस्तकं विकायला मांडू नका. शिक्षकांना अवघडल्यासारखं होतं.

स्वतःच्या गावात करणार असाल तर माझं मत यात्रेला आहे. कुस्त्या दुपारी सुरू होतात, त्या दिवशी सकाळी दहाला. पुण्या-मुंबईला गेलेली मंडळी आलेली असतात, सकाळी त्यांना काही काम नसतं, खिशात पैसे असतात आणि गावाविषयी मन भरून आलेलं असतं. आमच्या वहीतला सगळ्यात मोठा खप अशाच एका सकाळचा आहे, सदतीस प्रती, देवळाच्या सभामंडपात. लेखक एसटीत वाहक होते. त्यांनी तिकिटाच्या पैशांवरून झालेल्या भांडणाची गोष्ट वाचली आणि मागे उभ्या असलेल्या निम्म्या लोकांनी हात वर करून सांगितलं की ते त्या गाडीत होते. गाडी काल्पनिक होती.

वाचायचं किती? मोठ्याने सावकाश वाचताना एका पानाला दोन-अडीच मिनिटं लागतात. म्हणजे वीस मिनिटांत आठ-नऊ पानं. त्यापेक्षा जास्त नको. घरी घड्याळ लावून वाचून बघा, आणि जिथे जीभ अडखळते तिथे पेन्सिलीने खूण करा. कथाकथन करायला जाऊ नका. ती वेगळी कला आहे, त्यात गोष्ट पाठ असावी लागते, आवाज फिरवावे लागतात. शिवाय पुस्तक हातात न घेता गोष्ट सांगितली की लोक गोष्ट घेऊन घरी जातात. पुस्तक हातात धरून वाचलंत तर त्यांना दिसतं की आणखी पानं उरलीत. एक छोटी गोष्ट पूर्ण वाचा. दुसरी सुरू करा आणि दोन पानांनंतर थांबा. एकच गोष्ट मध्येच तोडली तर माणसं चिडतात, हा अनुभव घेऊन झालाय. पंचवीस माणसांना माइक लागत नाही. पंखा मात्र बंद करायला सांगा, त्याचा आवाज तुमच्या आवाजापेक्षा मोठा असतो.

आता जे कुणी आधी सांगत नाही ते सांगते. पुण्यात वाचलेली गोष्ट आणि गावात वाचलेली गोष्ट एकच नसते. पुण्यातल्या श्रोत्याला ‘बांधावरचं भांडण’ म्हणजे ग्रामीण वास्तव. गावातल्या श्रोत्याला तो बांध कुठला हे माहीत असतं. एका तरुण लेखकाने आमच्याकडे वाचायला अशीच गोष्ट निवडली. नावं बदलली होती, विहिरीची जागा बदलली होती, पण चुलत्याची तंबाखू मळायची लकब तशीच ठेवली होती. तिसऱ्या पानावर मागच्या रांगेतून चुलत भाऊ उठला आणि म्हणाला, “आता पुढचं मी सांगतो.” आणि त्याने खरंच सांगितलं. दहा मिनिटं. त्याची बाजू वेगळी होती, आणि खरं सांगायचं तर त्याने सांगितलेली गोष्ट जास्त चांगली होती. लेखकाचा चेहरा पडला. मी मध्ये पडून चहा मागवला. पुस्तकं त्या दिवशी चौदा खपली, त्यातलं एक चुलत भावाने घेतलं, पण त्या दोन घरांचं बोलणं पुढे वर्षभर बंद होतं.

तुमच्या संग्रहात असं काही असेल, आणि पहिल्या पुस्तकात ते असतंच, तर दोनच मार्ग मला दिसतात. एक तर ती गोष्ट गावात वाचू नका, शेजारच्या तालुक्यात वाचा. नाहीतर कार्यक्रमाच्या आधी त्या घरी जा, पुस्तक हातात द्या आणि सांगा की यात तुम्ही आहात. अनोळखी लोकांत बसून आपल्याविषयी ऐकणं आणि घरच्या ओट्यावर ऐकणं यात फरक आहे. आईवरची गोष्ट असेल तर तिला पहिल्या रांगेत बसवू नका. तुमचा आवाज जाईल. बघितलंय मी.

पैशाचं. गावात प्रत्येकाला भेट प्रत हवी असते आणि ती मागणं हा प्रेमाचाच प्रकार असतो. “आपल्या माणसाला पैसे लावतोस व्हय?” असं म्हणणारे सात-आठ जण भेटतील. मी लेखकांना सांगते, दोष माझ्यावर ढकला: वाचनालयाच्या बाईंनी पुस्तकं मोजून ठेवलीत, हिशेब द्यायचाय. विक्रीला तुम्ही बसू नका, पुतण्याला बसवा. किंमत सुट्ट्या पैशांत अडकेल अशी ठेवू नका. एकशे ऐंशीचं पुस्तक सवलतीत दीडशेला द्या. क्यूआर कोडचा कागद पुठ्ठ्यावर चिकटवून आणा, आता आजीबाईसुद्धा नातवाचा फोन पुढे करतात. पन्नास प्रती आणा, पण टेबलावर पंधराच मांडा. ढीग दिसला की लोकांना वाटतं नंतर घेऊ.

वाचनालय किती प्रती घेईल, हेही मनात असेलच. खरं सांगते. आमच्यासारखी वाचनालयं 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली मिळणाऱ्या सरकारी अनुदानावर आणि सभासदांच्या वर्गणीवर चालतात. अनुदान हप्त्यांनी येतं आणि उशिरा येतं. खरेदीला कार्यकारिणीची मंजुरी लागते. तेव्हा एखाद-दुसरी प्रत घेऊ, बिल ठेवून घेऊ, आणि पैसे कधी देऊ ते मी सांगू शकत नाही. मला ते सांगताना लाज वाटते, पण आधी सांगितलेलं बरं. ‘वाचनालयास सप्रेम भेट’ दिलीत तर मनापासून घेईन, पण तशी अपेक्षा ठेवणारे आम्ही सगळेच थोडे फुकटे आहोत हेही लक्षात असू द्या.

शेवटी सही. सही करताना घाई करू नका, लोक त्यासाठीच थांबलेले असतात. दोन वाक्यं बोलायची तीच वेळ. नाव विचारून आधी कच्च्या कागदावर लिहून घ्या. आमच्याकडे सुनीता आहेत आणि सुनिताही आहेत, आणि दोघींनाही आपलंच बरोबर वाटतं. ‘यांस सप्रेम’ एवढं लिहून सोडू नका, गावाचं नाव आणि तारीख टाका. ज्या वाडीतून माणूस आलाय त्या वाडीचं नाव पुस्तकात शाईने लिहिलेलं बघून एका बाईंनी ते पान पुन्हा पुन्हा उघडून शेजारणीला दाखवलं होतं. त्यांचं लिहिणं-वाचणं सहीपुरतंच होतं. पुस्तक मुलीला वाचायला सांगणार होत्या. पुढच्या गुरुवारी मुलगी सभासद व्हायला आली, अनामतीचे पैसे घेऊन.

सही गुळगुळीत कागदावर करू नका, जेलची शाई पसरते आणि समोरच्या पानावर उमटते. आतलं साधं पान निवडा. वाचनालयाच्या प्रतीवर सही करणार असाल तर पानाच्या वरच्या बाजूला करा, कारण खाली आमचा शिक्का आणि दाखल क्रमांक येतो. दोन पुस्तकांवर मी स्वतःच्या हाताने लेखकाच्या नावावर शिक्का मारलाय, आणि दोन्ही वेळा लेखक समोर उभे होते.

जिल्ह्यातलेच आहात, तर एखाद्या गुरुवारी साडेचारला या. कार्यकारिणीला मी बघून घेते. खुर्च्या आहेत, चहा आम्ही देऊ, पोहे मिळणार नाहीत. पेन मात्र स्वतःचं आणा. काउंटरवरचं आमचं पेन दोऱ्याने बांधलेलं आहे, आणि दोरा टेबलापर्यंत पोचत नाही.