यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएमध्ये खरंच रिकॉम्बिनेशन होतं का? होत असेल तर कसं? आम्हाला तर तो फक्त आईकडून येतो असं शिकवलंय.

होतं, आणि भरपूर होतं. 'फक्त आईकडून' हे माणसापुरतं ठीक. यीस्टच्या दोन पेशींचं मीलन झालं की दोघींचाही मायटोकॉन्ड्रियल डीएनए झायगोटमध्ये येतो, आणि तिथे त्यांची तुटजोड होते.

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी हेच केलं होतं. एक स्ट्रेन एरिथ्रोमायसिनला दाद न देणारा, दुसरा ऑलिगोमायसिनला. पहिल्याचं म्युटेशन 21एस आरआरएनएच्या जीनमध्ये, दुसऱ्याचं एटीपी सिंथेजच्या; दोन्ही मायटोकॉन्ड्रियल. क्रॉस केला, डिप्लॉइड (मीलनातून झालेल्या पेशी) मिनिमल मीडियमवर वेगळे काढले, कारण तिथे मूळचे दोन्ही स्ट्रेन वाढत नाहीत, आणि वीसेक पिढ्या वाढू दिले, म्हणजे एका पेशीत एकाच प्रकारचा डीएनए उरतो. मग मखमलीने त्या कॉलनींच्या रेप्लिका, म्हणजे ठसे, औषध घातलेल्या आणि न घातलेल्या ग्लिसरॉलच्या प्लेटांवर घेतल्या. ग्लुकोजवर घेऊन उपयोग नाही, तिथे मायटोकॉन्ड्रिया बंद असले तरी यीस्ट वाढतं.

दोन्ही औषधांवर वाढणाऱ्या कॉलनी ढिगाने आल्या. दोन्हींवर न वाढणाऱ्याही आल्या, पण नुसत्या ग्लिसरॉलवर त्या व्यवस्थित वाढत होत्या, म्हणजे पेटिट (मायटोकॉन्ड्रियल डीएनए बिघडून श्वसन बंद पडलेल्या) नव्हेत. गाइड म्हणाले, "कंटॅमिनेशन आहे, फेकून दे."

मी फेकल्या नाहीत. दोन्ही औषधांना पुरून उरलेल्या डिप्लॉइडांना स्पोर करायला लावलं आणि सुईने टेट्रॅड (एका पेशीपासून झालेले चार स्पोर) फोडत बसले. हिस्टिडीन आणि ल्युसिनच्या, म्हणजे केंद्रकातल्या जीन्सच्या खुणा चार स्पोरांत 2:2, औषधांचा प्रतिरोध मात्र 4:0, म्हणजे चारही स्पोरांत; मायटोकॉन्ड्रियल खुणा अशाच वागतात. बाहेरून पडलेलं यीस्ट माझ्याच दोन स्ट्रेनच्या खुणा घेऊन येईल का? तरी सर बधले नाहीत. ते पान थीसिसमधून काढायला लावलं. थॉमस आणि विल्की यांनी औषधप्रतिरोधाच्याच खुणा वापरून 1968 साली जे दाखवलं, ते आमच्या लॅबमध्ये अशक्य ठरलं! आजही आठवलं की राग येतो.

'कसं' म्हणाल, तर एन्झाइमांची यादी कुठल्याही पुस्तकात सापडेल. एक गोष्ट मात्र आधी सांगायला हवी होती: दोन्ही स्ट्रेन ओमेगाच्या बाबतीत सारखे हवेत. ओमेगा म्हणजे 21एस आरआरएनएच्या जीनमधला एक इंट्रॉन, आरएनएमधून कापून टाकला जाणारा तुकडा. एकात ओमेगा इंट्रॉन असेल आणि दुसऱ्यात नसेल, तर त्या इंट्रॉनचं आय-एससीईवन एन्झाइम दुसरा डीएनए कापतं, इंट्रॉन तिथे स्वतःची प्रत बसवतो आणि शेजारच्या खुणाही सोबत ओढून नेतो. मग प्रमाणं एकतर्फी येतात. माझे दोन्ही ओमेगावाले होते.

तुमचे गाइड कंटॅमिनेशन म्हणाले तर प्लेट टाकू नका. टेट्रॅड फोडा, आणि ते आकडे थीसिसमध्ये घालूनच सही मागा.