टीव्हीवरच्या या हिरोंचं बायकोवर खरंच प्रेम असतं का, आणि असेल तर मग ते फसवतात कसे?

तुमचा प्रश्न वाचला. मॅड मेन आणि सोप्रानोज पाठोपाठ बघून तुम्ही विचारताय की मॅड मेनमधला जाहिरातवाला डॉन ड्रेपर काय किंवा सोप्रानोजमधला माफिया बॉस टोनी सोप्रानो काय, या माणसांचं बायकोवर खरंच प्रेम असतं का, आणि तुमची मैत्रीण म्हणते की प्रेम असतं तर माणूस बाहेर गेलाच नसता, विषय संपला. मला तिचं पटत नाही. मला वाटतं प्रेम असतं, चांगलं भरपूर असतं, आणि बायकोला त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. (पुढे या सिरीजमधलं सगळं येणारे, तुम्ही बघितल्यात म्हणून लिहितेय, बाकी कुणाला बघायच्या असतील तर इथेच थांबा.)

आपण असं धरून चालतो की प्रेम वाढलं की बेइमानी कमी होते आणि बेइमानी दिसली म्हणजे प्रेम संपलं. पण प्रेम ही त्या माणसाच्या आतली गोष्ट, त्याला काय वाटतं ती. बेइमानी म्हणजे त्याने काय केलं, काय लपवलं, आणि त्याची किंमत कुणी मोजली. दोन्ही एकाच वेळी शंभर टक्के असू शकतं, आणि या सिरीज मला इतक्या आवडतात त्याचं कारणच हे की त्या दोन्ही एकत्र दाखवतात, एकाने दुसरं पुसून टाकत नाहीत.

डॉनपासून सुरू करते कारण त्याच्याबद्दल मी तासन्तास बोलू शकते. मॅड मेन २००७ ते २०१५ चालली, ९२ एपिसोड. पहिल्याच एपिसोडमध्ये दिवसभर आपण त्याला मिज नावाच्या चित्रकार बाईकडे बघतो, ऑफिसात बघतो, रेचल मेनकेन या क्लायंट बाईसमोर प्रेमबिम काही नसतं, नायलॉनचे मोजे विकायला आमच्यासारख्यांनीच ते शोधून काढलंय असं सांगताना बघतो, आणि अगदी शेवटी तो ट्रेनने घरी जातो तेव्हा कळतं की अरे याला बेटी नावाची बायको आहे, दोन पोरं झोपलीयेत. म्हणजे लेखकांनी आपल्यालाही बेटीसारखंच अंधारात ठेवलं. आपण आधी त्याच्या प्रेमात पडलो आणि माहिती नंतर मिळाली.

बेटीला दुसऱ्या सीझनमध्ये बॉबी बॅरेट या बाईबरोबरच्या भानगडीचं कळतं, ती त्याला घराबाहेर काढते, मग दिवस गेलेत हे कळल्यावर परत घेते. ते ती पचवते. तिसऱ्या सीझनमध्ये मात्र तिला त्याच्या टेबलाच्या खणाची किल्ली सापडते, आतल्या डब्यात फोटो, कागदपत्रं, आणि कळतं की आपला नवरा डॉन ड्रेपर नाहीचे, तो डिक व्हिटमन, कोरियन युद्धात मेलेल्या अधिकाऱ्याचं नाव घेऊन जगतोय आणि त्या अधिकाऱ्याच्या बायकोशी कागदोपत्री लग्न होतं तेही त्याने लपवलंय. त्या रात्री तो तिला सगळं सांगतो. भावाने आत्महत्या केली ते सांगताना रडतो आणि ती त्याच्या खांद्यावर हात ठेवते. इतक्या वर्षांच्या लग्नातली ती एकमेव खरी रात्र असावी. आणि नेमकं त्याच वेळी बाहेर गाडीत मुलीची टीचर, सुझॅन फॅरेल, बसलीये, कारण दोघं बाहेरगावी निघाले होते आणि हा फक्त बॅग घ्यायला आत आला होता! ती वाट बघून बघून शेवटी आपली बॅग उचलून चालत निघून जाते. आता सांगा, त्या क्षणी डॉनचं बेटीवर प्रेम होतं की नव्हतं? मला तर वाटतं आधी कधी नव्हतं इतकं होतं. आणि गाडीतली बाईसुद्धा तितकीच खरी होती.

त्यानंतर पुढच्याच एपिसोडमध्ये, केनेडींची हत्या झाली त्या दिवसांत, बेटी त्याला सांगते की माझं तुझ्यावर प्रेम राहिलं नाही. (तीही तोवर हेन्री फ्रान्सिसकडे ओढली गेली होती, तिला मी साध्वी करत नाहीये.) म्हणजे लग्न मोडायला दुसरी बाई पुरली नव्हती, खोटं नाव पुरलं. कारण बाईच्या बाबतीत निदान तिला राग धरता येतो, भांडता येतं, परत घ्यायचं की नाही ठरवता येतं. पण आपण लग्न कुणाशी केलं हेच माहीत नसेल तर ठरवणार काय? इतकी वर्षं तिने जे जे निर्णय घेतले, मुलं, घर, माफ करणं, ते सगळे खोट्या माहितीवर घेतले. माझ्या लेखी फसवणूक म्हणतात ती ही. समोरच्याचा ठरवण्याचा हक्क काढून घ्यायचा आणि वर त्याच्यावर प्रेमही करत राहायचं.

याची उलटी बाजू म्हणजे ॲना. त्या खऱ्या अधिकाऱ्याची विधवा, कॅलिफोर्नियात राहणारी, पोलिओमुळे लंगडणारी. तिला त्याचं सगळं माहीत, खरं नाव, चोरी, सगळं, आणि तिच्याशी त्याचा शरीराचा काही संबंध नाही. ती जाते तेव्हा तो ऑफिसातल्या पेगीसमोर ढसाढसा रडतो की मला खरं ओळखणारं जगात एकच माणूस होतं. त्या रात्री पेगीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपतो आणि दोघांत तसलं काहीही घडत नाही. सहाव्या सीझनमध्ये तर घटस्फोट होऊन दोघांची दुसरी लग्नं झाल्यावर मुलाच्या समर कॅम्पच्या निमित्ताने तो आणि बेटी एक रात्र एकत्र झोपतात आणि तो तिला विचारतो की जवळ असणं म्हणजे शेवटी हेच का मानतात लोक. ती म्हणते, बऱ्याच जणांसाठी तेच असतं. आणि मग मेगनबद्दल, म्हणजे त्याच्या दुसऱ्या बायकोबद्दल, ती साधारण असं म्हणते की बिचारी, तिला माहीत नाही की तुझ्यापर्यंत पोचायचा सगळ्यात वाईट मार्ग म्हणजे तुझ्यावर प्रेम करणं. मला विचाराल तर अख्ख्या सिरीजमधलं सगळ्यात शहाणं वाक्य, आणि ते बेटीच्या तोंडी आहे जिला निम्मे प्रेक्षक बालिश म्हणून हसतात.

आता टोनी. इथे भानगड वेगळी आहे कारण त्याच्या बायकोला, कार्मेलाला, माहीत असतं. माफियातल्या लोकांनी बाहेर बाई ठेवायची ही त्यांच्याकडे रीतच, सगळ्या बायकांना माहीत आणि सगळ्या गप्प. मग माझा वरचा मुद्दा, लपवणं म्हणजे फसवणूक, इथे लागू होतो का? मी यावर बराच विचार केलाय. चौथ्या सीझनच्या शेवटच्या एपिसोडमध्ये, २००२ चा डिसेंबर, टोनीची जुनी प्रेयसी इरिना घरी फोन करून कार्मेलाला सांगते की टोनी माझ्या नात्यातल्या अपंग बहिणीबरोबरही झोपला, आणि ही बहीण, स्वेतलाना, त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्यांची सेवा करून गेलेली. कार्मेला त्याचं सामान खिडकीतून खाली फेकते. लाज वाटावी इतका तो प्रकार उघड्यावर येतो. तोवर दोघांत न बोलता ठरलेलं होतं की तू बाहेर काय करायचं ते कर, माझ्या उंबरठ्याच्या आत आणू नकोस. तो करार मोडला.

पण त्या भांडणात खरा बॉम्ब पडतो तो वेगळाच. कार्मेला त्याला सांगते की वर्षभर मी फुरिओच्या प्रेमात होते. फुरिओ टोनीचाच माणूस, इटलीहून आणलेला, रोज सकाळी त्याला घ्यायला यायचा. ती म्हणते, तुझ्या शेजारी पडून मी रात्रभर सकाळ व्हायची वाट बघायचे. त्या दोघांनी एकमेकांना धड हातही लावलेला नाही. कॉफी, गप्पा, त्याच्या नव्या घराच्या फरशा, बस. फुरिओ न सांगता इटलीला निघूनही गेलेला. आणि टोनी, ज्याच्या बायांची यादी करायची तर पान पुरणार नाही, तो रागाने तिच्या डोक्याशेजारी भिंतीवर ठोसे मारतो. हा सीन मी अजूनही श्वास रोखून बघते. कारण टोनीला एका सेकंदात कळलेलं असतं की आपण जे केलं ते नुसतं बाहेरचं होतं आणि हिने जे केलं ते प्रेम होतं, आणि त्याला तेच जास्त लागतं. मी तो सीन बघताना दर वेळी कार्मेलाच्या बाजूने असते, पण हेही कबूल करावं लागतं की तिने फुरिओपायी लग्नातून जे काढून घेतलं ते टोनीने इरिनापायी काढलं त्यापेक्षा मोठं होतं.

तरी मी तिला बेइमान म्हणणार नाही. तिने तोंडावर सांगितलं. उशिरा आणि रागात का होईना.

आणि ती त्याला परत घरात घेते तेव्हाचं बघा, पाचव्या सीझनमध्ये. ती घर बांधायला जमीन मागते, सहा लाख डॉलरची. टोनी देतो, आणि वचन काय देतो, की माझी भानगड यापुढे तुझ्यापर्यंत येणार नाही. बंद करीन असं म्हणतच नाही! आणि ती ते वचन घेते. त्याच्याही आधी, तिसऱ्या सीझनमध्ये, एक म्हातारा सायकियाट्रिस्ट तिला सरळ सांगतो की मुलांना घे आणि निघ, आणि तिच्याकडून फी घ्यायला नकार देतो कारण तो पैसा रक्ताचा आहे. म्हणजे तिला कुणी सांगितलं नाही असं कधीच नव्हतं. अशा लग्नात प्रेम नाही असं मात्र मला अजूनही म्हणवत नाही. टोनी गोळी लागून कोमात असताना ती त्याच्या उशाशी जे बोलते ते पैशासाठी बसलेली बाई बोलत नाही.

तुम्ही दोनच सिरीजचं विचारलंय, पण द अमेरिकन्स (२०१३ ते २०१८) जरूर बघा. रशियन हेरांचं जोडपं, अमेरिकेत नवराबायको बनून राहणारं. कामासाठी दोघं सर्रास इतरांबरोबर झोपतात, एकमेकांना माहीत असतं, फिलिप तर दुसरं नाव घेऊन मार्था नावाच्या बाईशी लग्नसुद्धा करतो. घर मोडत नाही. मोडतं कधी, तर न्यूयॉर्कमध्ये तो जुन्या प्रेयसीबरोबर एकदा झोपतो आणि घरी येऊन एलिझाबेथला सांगतो की काही झालं नाही. तेवढं एक खोटं. माझ्या मुद्द्याला यापेक्षा स्वच्छ पुरावा मला कुठे सापडला नाही.

आता एक गोष्ट जी मला मनापासून खटकते. ब्रेकिंग बॅडमध्ये ड्रग्ज बनवणारा शिक्षक वॉल्टर व्हाइट बाहेर कुठल्या बाईकडे जात नाही. तो दुसरा फोन ठेवतो, महिनोन् महिने खोटं बोलतो, विष घालतो, माणसं मारतो. त्याची बायको स्कायलर त्याला घर सोड म्हणते, तो सोडत नाही, पोलीस येऊनही काही करू शकत नाहीत, आणि मग ती ऑफिसातल्या टेडबरोबर झोपते आणि घरी येऊन स्वतःच्या तोंडाने वॉल्टरला सांगते. आणि लोकांनी शिव्या घातल्या त्या तिला! इतक्या की ती भूमिका करणाऱ्या अ‍ॅना गनने २०१३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये यावर लेख लिहिला. कॅमेरा ज्याच्या खांद्यावरून बघतो त्याचं दुःख आपल्याला दिसतं आणि बाकीच्यांचं फक्त वागणं दिसतं. वॉल्टरचं कारण आपल्याला पाठ असतं आणि स्कायलरचं विचारायचीही गरज वाटत नाही.

आपल्याकडे हे उलटं झालं होतं बघा. माझ्या नवऱ्याची बायको, झी मराठी, २०१६ ते २०२१. माझी आई रात्री आठला फोनसुद्धा उचलायची नाही. तिथे कॅमेरा राधिकाचा, म्हणून गुरुनाथचं तोंड कधी फुटतंय याची घरोघरी वाट बघायचे, आणि राधिकाने मसाल्यांचा धंदा उभा केला तेव्हा आईने स्वतःचं काही जिंकल्यासारखा चहा केला होता. गुरुनाथचं राधिकावर कधी प्रेम होतं का असं आईला विचारलं तर ती म्हणाली, असेल, त्याचं काय करायचं तिने? मला हे उत्तर माझ्या वरच्या सगळ्या लिखाणापेक्षा नेमकं वाटतं. पण त्या मालिकेत गुरुनाथ आतून कसा आहे हे कधी कळलं नाही, आणि आपल्याला माणूस आतून कळलाही पाहिजे आणि त्याला सूटही मिळता कामा नये, हे अवघड काम मॅड मेनने केलं.

तुमच्या मैत्रिणीशी वाद घालायचा असेल तर बायकांचं सोडा, तिला सॅलीचं विचारा. डॉनची मुलगी. सहाव्या सीझनमध्ये ती बापाला शेजारच्या सिल्व्हियाबरोबर नको त्या अवस्थेत बघते आणि हा तिच्या बंद दाराबाहेर उभा राहून म्हणतो की मी त्यांना धीर देत होतो. मुलीवर त्याचं प्रेम आहे यात तर कुणालाच शंका नाही ना? तरी तिच्याशीही तेच केलं, खोटं बोलला, आणि तिने अनेक दिवस तोंड बघितलं नाही. मग सीझनच्या शेवटी तो तिन्ही मुलांना ज्या कुंटणखान्यात लहानाचा मोठा झाला ते पडकं घर दाखवायला नेतो, आणि सातव्या सीझनमध्ये तिला शाळेत सोडायला जाताना ऑफिसने आपल्याला रजेवर बसवल्याचं खरं खरं सांगतो. गाडीतून उतरताना ती त्याला आय लव्ह यू म्हणते आणि तो नुसता बघत राहतो. प्रेम असतं तर फसवलं नसतं असं म्हणणाऱ्याने हे एवढे एपिसोड ओळीने बघावेत. प्रेम पहिल्यापासून होतं, सॅलीला ते मिळालं मात्र त्याने खरं सांगितल्यावर.